कोरिंथच्या म्हाताऱ्याची शिंक

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्रीस मांडलेला असायचा. पोह्यांचा डबा म्हणजे अथेन्स. चहाची किटली म्हणजे स्पार्टा, कारण ती तापट आणि तिला हात लावायचा तर फडकं लागतं. पाव कापायची लाकडी फळी आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी जागा म्हणजे सालामिसचा समुद्र. त्यात शेंगदाणे ही ग्रीकांची जहाजं आणि फुटाणे ही पर्शियाच्या बादशहाची. फुटाणे नेहमी जास्त असत आणि सगळे संपल्याशिवाय लढाई थांबत नसे, कारण बुडालेलं जहाज खाऊन टाकायचं अशी आमच्याकडे पद्धत होती.

हे सगळं माझा नवरा मांडायचा, आमच्या मुलीसाठी. आम्ही इथे डच मुलखात, फोरबर्ग नावाच्या गावी राहतो आणि तो लांबच्या झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचा, त्यामुळे रोजचा बराच वेळ ट्रेनमध्ये जायचा. मुलगी बाराव्या वर्षी अशा शाळेत गेली की जिथे अजूनही लॅटिन आणि जुनी ग्रीक भाषा शिकवतात. त्याच महिन्यात याने ट्रेनमध्ये ग्रीकांचा इतिहास वाचायला सुरुवात केली. मुलगी जे शिकते त्यातलं आपल्याला काहीच येत नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. पुस्तकांत खूण म्हणून तो कॉफीबरोबर मिळणाऱ्या साखरेच्या रिकाम्या पुड्या घालायचा. अजूनही एखादं पुस्तक उघडलं की दोनचार दाणे टेबलावर पडतात.

नियम एकच होता, ग्रीस मराठीत. मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर डच भाषेत येतं. रविवारी मात्र ती अडखळत का होईना मराठीत बोलायची, कारण नाहीतर बाबा पुढची लढाई सुरूच करायचा नाही.

“स्पार्टावाले उशिरा का आले?”

“त्यांच्याकडे सण होता.”

“सण आहे म्हणून लढाईला उशिरा?”

“गणपतीत आपल्या मंडळींना मीटिंग लावून बघ एकदा.”

मी बाजूच्या खुर्चीत माझं पुस्तक घेऊन बसलेली असायची. मी आठवड्यातून तीन दिवस गावातल्या वाचनालयात काम करते, आणि रविवारचं वाचन हा माझा हक्क आहे असं मी मानत आले. त्यामुळे त्या गोष्टी माझ्या कानावर तुकड्यातुकड्यांनी पडल्या. लढायांचे डावपेच मला कधीच लक्षात राहिले नाहीत. पण त्याचा एक प्रश्न राहिला, कारण तो सारखा विचारायचा. पर्शियाचं सैन्य येणार हे कळलं तेव्हा ग्रीक शहरांची आपसांतच युद्धं चालू होती. अथेन्स आणि समोरच्या एजिना बेटाचं तर हाडवैर. कोरिंथच्या संयोगभूमीवर, म्हणजे दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या जमिनीवर, सभा भरली आणि त्यांनी आपली भांडणं मिटवली, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे. हा त्या ओळीवर अडून बसायचा.

“मिटवली म्हणे. अरे पण कशी? समोरासमोर बसले असतील. वर्षानुवर्षं एकमेकांची माणसं मारलेली. आधी कोण बोललं? कुणी कुणाला पाणी विचारलं? लढाई कोण जिंकलं ते सगळे लिहितात. हे कुणी लिहीत नाही.”

मुलगी म्हणायची, “बाबा, पुढे.”

गेल्या फेब्रुवारीत तो गेला. आजार फार दिवसांचा नव्हता. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की त्यानंतर मुलगी घरात मराठीचा एक शब्द बोलली नाही. मी मराठीत विचारायची, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि रविवारी आम्ही दोघी टेबलावर न बसता सोफ्यावर बसून नाश्ता करायचो.

सप्टेंबरमध्ये तिचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं. त्या वर्षी इथे प्रत्येकाला एक मोठा प्रकल्प करावा लागतो, आणि तिच्या शाळेत तो दोघांनी मिळून करायचा असतो. तिने विषय घेतला, एकमेकांशी भांडणारी ग्रीक शहरं पर्शियाविरुद्ध एकत्र कशी आली. जोडीदार म्हणून तिची पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण. उंच, पिंगट केसांची, स्पष्ट बोलणारी डच मुलगी. तिच्या सायकलला पुढे भाजीचा असावा तसा प्लास्टिकचा क्रेट लावलेला असतो आणि त्यात पावसात भिजलेली पुस्तकं असतात. विषय ऐकून मला बरं वाटलं. काही बोलले मात्र नाही. बोललं तर ती विषय बदलेल अशी भीती वाटली.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी दोघी आमच्या टेबलावर काम करत होत्या. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. मैत्रीण मुलीने लिहिलेला भाग वाचत होती. मध्येच तिने विचारलं, “हे कुठून घेतलंस?”

“काय?”

“शपथ. संयोगभूमीवर सगळ्या शहरांच्या लोकांनी तळहातावर झाडाचं पान ठेवलं, त्यावर पिवळी पूड ठेवली आणि शपथ घेतली. तेवढ्यात कोरिंथचा एक म्हातारा शिंकला. पूड सगळ्यांच्या अंगावर उडाली. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शपथ घेतली.”

“हो. मग?”

“कुठे आहे हे?”

“त्या जुन्या इतिहासकाराच्या ग्रंथात असणार. सातव्या भागात.”

“सातवा भाग मी पूर्ण वाचलाय. त्यात शपथ आहे. जी शहरं कुणी जबरदस्ती न करता पर्शियाला शरण गेली, त्यांच्याकडून दंड वसूल करून देवाला द्यायचा, अशी. पान नाही. पूड नाही. शिंक तर नाहीच.”

बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. माझी सुरी थांबली होती. पान आणि पिवळी पूड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बेल आणि भंडारा उभा राहिला होता. आमच्याकडे खंडोबाच्या पुढे माणसं बेलभंडारा उचलून शपथ घेतात, आणि ती मोडायची कुणाची छाती होत नाही. पण ग्रीसमध्ये हळद कुठून येणार?

“बाबाने सांगितलं होतं,” मुलगी शेवटी म्हणाली.

“मग कदाचित बाबाने बनवलं असेल.” मैत्रीण हे वाईट हेतूने म्हणाली नाही. तिला जे दिसलं ते ती म्हणाली. “हे काढू या. बाई पहिली लाल रेघ याच्याखालीच मारतील. आपल्या दोघींचे मार्क आहेत यात.”

“नाही काढायचं.”

“मग मूळ दाखव.”

मुलीने लॅपटॉप बंद केला. मैत्रीण उठली आणि मला दारातूनच “येते” म्हणून निघून गेली. मी हात पुसत बाहेर आले. मुलगी टेबलाकडे बघत बसली होती.

“आई, बाबाने हे बनवलं का?” डचमध्ये.

“मला माहीत नाही गं.”

“मग बाकीचं? तेही बनवलंय?”

ती उठून वर गेली. ती रडली असती तर मला परवडलं असतं, पण तिचा चेहरा तसा नव्हता. पाच वर्षांचे रविवार तिने मनात जपून ठेवले होते, आणि आता त्यांतलं एकेक ती उचलून बघणार होती, खरं की खोटं. मैत्रिणीशी तिने बोलणं टाकलं. प्रकल्पाला नवा विषय घ्यावा म्हणते, असं एकदा जेवताना म्हणाली, जसं काही भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगत होती.

तिला धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. माझ्याकडे होती ती त्याची पुस्तकं, आणि वाचनाची सवय. म्हणून मी वाचायला लागले. सावकाश वाचते मी. इंग्रजी भाषांतर, शेजारी नकाशा, आणि त्याने सांगितलेल्या, मला अर्धवट आठवणाऱ्या गोष्टी. प्रत्येक गोष्ट खरी आहे का, हे मला आधी स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. तो नसताना, त्याच्या पाठीमागून त्याची तपासणी करते आहे असं सुरुवातीला वाटलं. नंतर ते वाटणं गेलं आणि नुसतं कुतूहल राहिलं.

सगळ्यांत जास्त जहाजं अथेन्सची होती, तरी आरमाराचं नेतृत्व त्यांनी स्पार्टाला देऊन टाकलं, कारण बाकीचे म्हणाले की अथेन्सच्या हाताखाली आम्ही लढणार नाही. हे खरं निघालं. सिसिलीतल्या एका राजाकडे मदत मागायला माणसं गेली, तर तो म्हणाला की मोठी फौज देतो, पण सेनापती मीच. तेही खरं. एका बेटाने साठ जहाजं पाठवली आणि ती वाटेतच रेंगाळत राहिली, कोण जिंकतंय ते बघत, आणि नंतर सांगितलं की वारा उलटा होता. खरं. अथेन्सच्या लोकांनी शहर सोडून दिलं, ते जळलं, आणि मग युद्धाच्या बैठकीत कोरिंथचा सेनापती अथेन्सच्या सेनापतीला म्हणाला की ज्याला गावच उरलेलं नाही त्याने बोलू नये. तेही त्याने जसंच्या तसं सांगितलेलं. हा टोमणा मी पुन्हा पुन्हा वाचला. समोर शत्रू, आणि आपल्याच बाजूच्या माणसाला असं बोलायचं. आणि तरी ते दोघे एकाच बाजूने लढले.

एका गोष्टीबद्दल माझी खात्री होती की ही नक्की त्याचीच. युद्ध जिंकल्यावर सगळे सेनापती समुद्रदेवाच्या वेदीपाशी जमले. सगळ्यांत चांगलं कोण लढलं यावर मतदान झालं, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. प्रत्येकाने पहिलं मत स्वतःलाच दिलं. दुसरं मत मात्र बहुतेकांनी अथेन्सच्या त्या बिनगावाच्या माणसाला दिलं. इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीनंतर तो ही गोष्ट इतकी रंगवून सांगायचा की ती तिथूनच उचलली असणार असं मी धरून चालले होते. तर ती पुस्तकात होती. वेदीसकट. त्या पानात साखरेची पुडीही होती.

हे मी मुलीला तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन सांगितलं. “मतदानाची गोष्ट खरी आहे. मी बघितली.”

“ती मला माहीत होती,” ती म्हणाली. पण दार उघडंच ठेवलं.

पान, पूड आणि शिंक तेवढी कुठे सापडेना.

मुलीला ग्रीक शिकवणाऱ्या बाई वाचनालयात येतात. निवृत्तीला आलेल्या, बारीक, रहस्यकथा वाचणाऱ्या. पुस्तकं परत करताना म्हणाल्या, “दोघी आता वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसतात. अथेन्स आणि एजिना.”

मुलीची बाजू मांडावी असं मनात होतं, पण ते तिचं तिने करायचं होतं. मी भलतंच विचारलं. “ग्रीक लोक शिंकेला काय मानायचे?”

त्यांनी चष्मा वर केला. मला वाटतं असा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता.

“शुभ. फार शुभ. देवाने होकार दिला असं मानायचे. एकदा एक सेनापती भाषण करत होता आणि सैन्यातलं कुणीतरी शिंकलं, तर सगळे जागच्या जागी देवाला वंदन करायला वाकले. का?”

“म्हणजे शपथ घेताना कुणी शिंकलं, तर ती पुन्हा पहिल्यापासून घेतील?”

“कशाला? उलट म्हणतील, झालं काम.” मग म्हणाल्या, “शपथेचं म्हणाल तर तीही गंमतच आहे. त्या युद्धातली एक प्रसिद्ध शपथ दगडावर कोरलेली सापडली आहे. बळी दिलेल्या जनावरांवर त्यांनी ढाली झाकल्या आणि शिंग वाजवून शपथ घेतली, असं त्यात आहे. आपल्या बाजूने लढून जे मरतील त्यांना तिथेच पुरू, एकालाही उघड्यावर टाकून जाणार नाही, असंही आहे. पण दगड युद्धानंतर कित्येक वर्षांनी कोरलेला. आणि जुन्या काळातच एकाने लिहून ठेवलंय की ही शपथ अथेन्सवाल्यांनी नंतर रचली. खरी की खोटी यावर विद्वान अजून भांडतात.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं की एकत्र कसे आलो ते लोकांना नंतर नीट आठवत नाही. मग ते जवळचं काहीतरी घेऊन तिथे ठेवतात.” आणि त्या रहस्यकथांच्या कपाटाकडे गेल्या.

मी दिवसभर पुस्तकं लावत होते आणि शिंकेचा विचार करत होते. शिंक आली म्हणून पाऊल मागे घेणारे, काम थांबवून पुन्हा पहिल्यापासून करणारे लोक कोण? ते ग्रीक नव्हते. ते मला चांगले माहीत होते. माझ्या सासूबाई कुणी शिंकलं की दारात काढलेली चप्पल पुन्हा घालायला तयार नसायच्या. ती शिंक आमची होती.

शनिवारी सकाळी मी ताईंना फोन लावला. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, माझी नणंद, सासवडला असतात. त्यांचं गाव तिथून डोंगराच्या अंगाला.

“आवाज का गं असा?” ताई म्हणाल्या. “खातेस ना नीट? की तिथलं पावाचं चिवडत बसतेस?”

“खाते ताई. एक विचारू? तुमच्याकडे कधी बेलभंडारा उचलताना कुणी शिंकलं होतं का?”

 मग ताई इतक्या हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

“आजोबा! अगं आमचे आजोबा. तपकिरीचा माणूस तो. तुला कुणी सांगितलं?”

मग त्यांनी सांगितलं. गावात त्यांची भावकी दोन आळ्यांत वाटलेली, वरची आणि खालची. एका बांधावरून तीन पिढ्यांचं वैर. एकमेकांच्या लग्नाला जायचे, आहेर करायचे आणि न जेवता उपाशी परत यायचे. तशात खंडोबाच्या डोंगरावर खडी फोडायचं क्रशर येणार अशी बातमी आली. डोंगर गेला असता, खालच्या विहिरींचं पाणी गेलं असतं. दोन्ही आळ्या पहिल्यांदाच एका देवळात बसल्या. ठरलं की कुणीही आपली जमीन द्यायची नाही, आणि त्यासाठी बेलभंडारा उचलायचा.

“सगळ्यांच्या हातावर बेल, त्यावर भंडारा. देवळात चिटपाखरू बोलत नव्हतं. आणि आमचे आजोबा शिंकले, ते कसे? डोंगर फुटावा तसे. वरची आळी पिवळी, खालची आळी पिवळी. आता झाला ना अपशकुन. मग म्हणाले पुन्हा पहिल्यापासून घ्या. दुसऱ्या खेपेला आमच्या चुलत्यांनी आजोबांचं नाक चिमटीत धरून ठेवलं होतं. तुझा नवरा तेव्हा एवढासा. हसू आवरेना म्हणून तोंडात सदरा कोंबून बाहेर पळाला. मीही पळाले.”

“आलं का क्रशर?”

“कुठलं येतंय. गेलं पलीकडे.”

“आणि मग दोन्ही आळ्या?”

“दोन वर्षं एका पंगतीला जेवल्या. मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली.”  “पण तुला कुणी सांगितलं हे?”

“तुमच्या भाचीला त्याने सांगितलं होतं. ग्रीसच्या युद्धातली गोष्ट म्हणून.”

“आणि आजोबा?”

“कोरिंथचे केले त्यांना. कोरिंथ तिथलं एक मोठं शहर.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “लबाड होता गं,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासूनच.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी टेबलावर दोघींची ताटं मांडली आणि मधोमध पोह्यांचा डबा ठेवला. मुलगी खाली आली, डब्याकडे बघून दारातच थांबली आणि मग येऊन आपल्या जागेवर बसली. मी तिला सगळं सांगितलं, आळ्या, बांध, क्रशर, तपकीर, चिमटीत धरलेलं नाक. मराठीतच सांगितलं, आणि कुठेही सोपं केलं नाही. नाकाशी ती हसली. मग हसणं थांबलं.

“मग त्याने तसंच का नाही सांगितलं? आपल्या गावाचं म्हणून?” तिने डचमध्ये विचारलं.

“मला माहीत नाही.” खरंच माहीत नव्हतं. दोन उत्तरं माझ्या मनात होती. एक म्हणजे त्याला त्या सभेची ती एक ओळ रिकामी सहन होत नव्हती. दोन भांडणारी घरं एका छपराखाली कशी बसतात ते त्याने पाहिलं होतं, आणि पुस्तकात ते नव्हतं, तेव्हा त्याने ते तिथे ठेवून दिलं. दुसरं उत्तर मी बोलले नसते. ते तीच बोलली.

“गावाचं असतं तर मी ऐकलं नसतं. तो गावाचं बोलायला लागला की मी विचारायचे, तिथे वायफाय आहे का.”

“तो हसायचा त्यावर.”

“हो.” तिने डबा थोडा डावीकडे सरकवला, जिथे अथेन्स असतं तिथे. “म्हणजे ते खोटं नव्हतं. फक्त तिथलं नव्हतं.”

त्यानंतर दोघी मैत्रिणींत आधी कोण बोललं, ते मला कळलं नाही. मी मंगळवारी कामावरून आले तर फाटकाला ती क्रेटवाली सायकल टेकलेली होती आणि आतून वाद ऐकू येत होता. मी कोट न काढता दाराच्या आतल्या बोळातच उभी राहिले.

“शिंक राहणार,” माझी मुलगी म्हणत होती.

“शिंक राहू दे. पण कोरिंथ जाणार. आणि संयोगभूमीच्या प्रकरणात नाही. शेवटच्या प्रकरणात, त्या दगडाबरोबर. शपथा नंतर कशा तयार होतात त्यात.”

“पण दगडाच्या आधी.”

“दगड जुना आहे.”

“माझे आजोबा जास्त मजेदार आहेत.”

“पणजोबा. मजेदार हा निकष नाही.” थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज. “बरं. दगडाच्या आधी. पण मूळ म्हणून काय लिहायचं? पुस्तक नाही, पान नाही.”

“बाबा. तोंडी. जेवणाचं टेबल.”

“कुठल्या भाषेत?”

“मराठी.”

“स्पेलिंग सांग,” मैत्रीण म्हणाली. मी तेव्हा कोट काढला आणि चहा टाकायला गेले.

जानेवारीच्या शेवटी शाळेत पालकांसमोर सगळे प्रकल्प मांडायची संध्याकाळ होती. त्याला जाऊन वर्ष व्हायला थोडेच दिवस उरले होते. मी मागच्या रांगेत बसले. मैत्रिणीने सभा, नेतृत्व, रेंगाळलेली जहाजं हे सगळं नीट सांगितलं. शपथेचा भाग माझ्या मुलीचा होता. पडद्यावर कोरलेल्या दगडाचा फोटो होता, आणि त्याच्या आधी एका डोंगराचा, जो ताईंनी मोबाइलवर काढून पाठवला होता आणि ज्यात त्यांचं बोट आलेलं होतं. तिने बोट कापून टाकलं नव्हतं. घरून पुडीत नेलेली हळद तिने तळहातावर घेतली, बेलाच्या जागी शाळेच्या अंगणातल्या वेलीचं पान, आणि दोन आळ्यांची गोष्ट डचमध्ये सांगितली. लोक शिंकेला हसले. ग्रीकच्या बाई मागे वळून माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं, “आणि मग ते दोन गट एकत्र राहिले का?”

“दोन वर्षं,” ती म्हणाली. “अथेन्स आणि स्पार्टाचंही फार काळ टिकलं नाही.”

“मग एकत्र आले कसे, हा तुमचा प्रश्न होता. उत्तर काय?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “शत्रू होता, हे सगळ्यांना माहीत आहे,” माझी मुलगी म्हणाली. “पण शत्रू समोर असूनही बरीच शहरं एकत्र आली नाहीत. जी आली, त्यांच्यात आधी कोण बोललं, ते आम्हाला सापडलं नाही. तसं आम्ही शेवटी लिहिलंय.”

घरी आल्यावर तिने हात धुतले. हळद जात नव्हती. मी कपडे बदलून खाली आले तेव्हा ती टेबलाशी बसून माझी वाट बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “आत्याला फोन लाव ना. उद्या सकाळी. मला एक विचारायचंय.”

मराठीत. मी काही दाखवलं नाही. नुसतं बरं म्हटलं.

सकाळी शाळेला निघायच्या आधी तिने फोन स्पीकरवर ठेवला आणि शब्द जुळवत विचारलं, “आत्या, दोन्ही आळ्या भांडत होत्या ना? बोलत नव्हत्या. मग आधी कोण बोललं? देवळात जायच्या आधी?”

“अगं बाई,” ताई म्हणाल्या. “तुझा बाबा हेच विचारायचा आम्हाला. प्रत्येक सुट्टीत.”

“मग? कोण?”

“कुणीच नाही गं आधी. क्रशरचा माणूस पारावर नकाशा उघडून बसला होता. इकडे वरची आळी उभी, तिकडे खालची. त्याने नकाशा उलटा धरलेला. तो डोंगराला ओढा म्हणायला लागला. तेव्हा दोन्हीकडची माणसं एकदमच म्हणाली, अहो, उलटा धरलाय.”

मुलीने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग सायकलची किल्ली उचलली आणि मैत्रिणीला सांगायला निघाली.